पायरीपर्यंतचं पाणी
ओल्या गाळाचा वास आला की मला धरमपुरीचा नर्मदाकाठ आठवतो. पुराचं पाणी जुन्या पात्रात पुन्हा पसरू द्यायचं घाटत होतं आणि त्याचे परिणाम तपासायला आम्ही दोघी सहकारी देवासच्या कार्यालयातून गेलो होतो. मी आठवडाभर उन्हात मोजमापं घेतली. सोबतीण एका म्हाताऱ्या नावाड्याशी त्याच्याच बोलीत गप्पा मारत बसे. शेवटी त्यानं तिला देवळाची एक पायरी दाखवली. "बेटी, बाढ़ का पानी यहाँ तक आता है. नक्शे में नी मिलेगा." माझ्या नकाशात त्या देवळाजवळची वस्ती पुराबाहेर, कोरडी दाखवली होती. कार्यालयातल्या साहेबांनी तिची पाठ थोपटली, तेव्हा मी आतून जळले. अहवाल मी लिहिला, पायरीही लिहिली, तिचं नाव मात्र घातलं नाही. आराखडा बदलला, वस्ती वाचली. आपलं नाव का नाही, हे तिनं कधी विचारलं नाही. अजूनही कुणी त्या अहवालाचं कौतुक केलं की मी नुसती हसते.