धक्क्याच्या काढलेल्या फळ्या

एक तपास माझ्या नावावर यशस्वी म्हणून नोंदला आहे. तो तसा नव्हता, हे आता लिहून ठेवतो.

कोकणातल्या एका बंदरात मी फौजदार होतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, लोखंडी खांबांवर लाकडी फळ्या टाकलेला धक्का तिथे होता. एके सकाळी ठाण्यावर खबर आली की धक्क्याचा रखवालदारच टोकाकडच्या फळ्या चोरतो. झडतीत फळ्या त्याच्या खोलीत सापडल्या. पंचनामा करून त्याला अटक केली.

चौकशीत तो शांत होता. "साहेब, फळ्यांवर खडूने नंबर घातलेत, ते बघितलेत का? चोर नंबर कशाला घालील? परत बसवायच्यात त्या."

"मग काढल्यास कशाला?"

"टोकाचे खांब गेलेत. बंदराच्या ऑफिसात दोनदा सांगितलं, तर हसले. फळ्याच नसल्या तर माणूस पुढे जाणार नाही."

ओहोटीला त्याला घेऊन खाली उतरलो. तो हातोडीने एकेक खांब वाजवत गेला. चांगला खांब खणखणत होता, टोकाचे बद्द वाजत होते. मी हात लावला तर गंजाचा पापुद्राच सुटून आला.

"हे तुला शिकवलं कुणी?"

"खांबांनीच. रोज वाजवतो ना."

इतका जाणता माणूस नोकरीत मला पुन्हा भेटला नाही.

धक्का त्याच दिवशी बंद करवला. पुढे तो दुरुस्त झाला, आजही उभा आहे. पण चुकीची अटक कबूल केली असती तर माझ्यावर शेरा आला असता. म्हणून रखवालदाराच्या जबाबातून खांबांची हकीकत गाळली आणि अहवालात 'माझ्या पाहणीत आढळले' असे लिहिले. तो कोर्टातून सुटला, पण नोकरी गेली आणि चोर हे नाव चिकटले. मला प्रशस्तिपत्र मिळाले.

हल्ली मी सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये मुलीकडे असतो. गेल्या महिन्यात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चोआ चू कांगहून एक मरीन इंजिनिअर बाई भेटायला आल्या.

"काका, गावच्या वाचनालयासाठी धक्क्याचा इतिहास लिहितेय. तो तुम्ही वाचवलात ना? बाबा तिथे रखवालदार होते. आता ते नाहीत. पण तुमच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत."

मी सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि गावी आईला फोन लावला. "तिलाही तुम्हीच सांगा."

सांगून झाल्यावर म्हातारी म्हणाली, "माझं फोनवर भागेल हो. गावाचं काय? भर बाजारातून बेडी घालून नेलंत त्यांना. तिथेच येऊन सांगा."

जबाब घेताना समोरचा सांगतो ते सगळे उतरवावे, आपल्याला अडचणीचे असेल ते आधी. नव्या फौजदारांना मी हे वर्षानुवर्षे शिकवले, ते कुठून शिकलो हे मात्र कधी सांगितले नाही.

गावचा बाजार मंगळवारी भरतो. मी रविवारचे तिकीट काढले आहे.