बर्फावर कोण खेळलं

यशोधराची पोलिसात निवड झाली तेव्हा सिरसाळ्यात आधी हशा पिकला. खेळाडूंच्या राखीव जागेतून निवड, आणि खेळ कोणता, तर बर्फावरची हॉकी.

"आपल्याकडं बर्फ दोनच जागी," चहावाला सोमेश्वर म्हणाला, "गोळ्यात न्हाईतर मढ्याखाली. तू कोन्त्यावर खेळलीस बाई?"

तीही हसली होती.

तिचा बाप शहादेव विजयसिंहदादांच्या जिनिंगवर रखवालदार. कापसाचा हंगाम सरला की तिथलं सिमेंटचं आवार मोकळं पडायचं. शाळेतून आणलेले चाकांचे बूट घालून ती त्यावर फिरायची, सरकीवरून घसरून गुडघे फोडून घ्यायची. पुढे पुण्याच्या आइस हॉकीच्या शिबिरात कुणीतरी तिला गोलरक्षक म्हणून उभं केलं, आणि मग परदेशातल्या स्पर्धेचं बोलावणं आलं. तिकीट दादांनीच काढून दिलं. अट काहीच नव्हती. फक्त त्यांची मुलगी प्रियदर्शनी संघाबरोबर जाणार होती.

स्पर्धा म्हणजे एका मॉलच्या तळमजल्यावरचं बर्फाचं मैदान. संघ चार. एका संघात पन्नाशीच्या दोन बाया होत्या. वर कठड्याला टेकून लोक आइस्क्रीम खात बघत होते. यशोधराचा संघ सगळे सामने हरला. याला आंतरराष्ट्रीय म्हणायचं का, हे तिला तिथंच कळेना. पण शेवटच्या सामन्यात चेंडूच्या जागी असते ती रबराची काळी चकती येऊन बसली आणि गळ्यापाशी हाड मोडलं, तरी ती गोल सोडून हलली नाही. तेवढं मात्र खरं होतं. प्रियदर्शनी कडेला उभी राहून फोटो काढत होती. बर्फावरच्या बुटांत तिनं एकदाही पाय घातला नाही. प्रमाणपत्र दोघींना एकसारखंच मिळालं.

परतल्यावर दादांनी चौकात फ्लेक्स लावला. फेटे बांधलेल्या दोघी सारख्या मापाच्या, वर दादा त्याहून मोठे, खाली 'विश्वविजेत्या'. कुणी काही विचारलं नाही. सत्काराच्या फ्लेक्सवर असंच लिहितात.

पुढे प्रियदर्शनीलाही त्याच प्रमाणपत्रावर तालुक्याला नोकरी लागली, आणि कुणीतरी खोट्या प्रमाणपत्राची तक्रार केली, सोबत नेमका त्या फ्लेक्सचा फोटो जोडला. दोघींच्या नेमणुका थांबल्या. यशोधराला जबाबाला बोलावणं आलं.

आदल्या दिवशी दादा स्वतः जिनिंगवर आले. शहादेवनं खुर्ची पुसून दिली. ते बसले नाहीत.

"पोरी, जास्त काही इचारनार न्हाईत. प्रियू खेळली का, एवढंच. तू हो म्हन. स्पर्धा खरी ठरली की तुमी दोघी बी खऱ्या."

"आन् न्हाई म्हनलं तर?"

"तर स्पर्धाच खोटी. मग तुझं हाड कशानं मोडलं, हे कोन इचारतंय?" ते शांतपणे म्हणाले आणि शहादेवकडे वळले. "लई वर्सं झाली न्हाई का रे तुला हितं?"

"तुमच्याच किरपेनं, दादा."

ते गेले तरी शहादेव खुर्ची पुसतच राहिला.

"कावून इचार करतीस?" तो म्हणाला. "हो म्हनून मोकळी हो. तुझ्या खेळन्याला काय धक्का लागतो त्यानं?"

त्या स्पर्धेवर गाव हसलं होतं, दादांनी ती वापरली होती, आणि बापालाही ती धकवून न्यायची गोष्ट वाटत होती. खरी मानणारी यशोधरा एकटीच उरली होती. आता तिनंच प्रियदर्शनीला त्या बर्फावर उभं केलं, तर तिथं खरं कुणीच खेळलं नव्हतं, असं होणार होतं.

बीडच्या कार्यालयात अधिकारी बाईंनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "प्रियदर्शनी मैदानात उतरल्या होत्या?"

"नाही."

बाईंनी मान वर केली. "म्हणजे त्यांचं प्रमाणपत्र खोटं. मग तुमचं खरं कशावरून?"

"मी खेळले, मॅडम."

"हे तुम्हीच सांगताय."

"हो."

बाईंनी तेवढंच लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला.

बापाला ती बाहेर लिंबाखाली बसवून आत गेली होती. ती बाहेर आली तेव्हा लिंबाखाली कुणी नव्हतं. फाटकाशी दादांची गाडी सुरूच होती. पुढच्या सीटवर, जिथं तो जन्मात कधी बसला नव्हता, शहादेव बसला होता. हात मांड्यांवर, नजर समोर. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

मागचं दार आतून उघडलं.

"बस, पोरी," दादा म्हणाले. "घरी सोडतो."

जबाबात तिनं काय सांगितलं, ते त्यांनी विचारलं नाही.