बहिणीचा मुंबईतला डोळा

आईकडे दोनच लुगडी होती. एक अंगावर, एक दांडीवर. आमचा शेताचा तुकडा नदीकाठचा, पुरानं त्यातली चांगली माती ओढून नेलेली. तिसरं लुगडं येणार कुठून? त्यामुळे आईच्या पदरानं सगळी कामं व्हायची. भाकरी त्यात बांधायची, तवा त्यानंच धरायचा, आमची तोंडं त्यानंच पुसायची.

पांढऱ्या तोंडाच्या आमच्या बैलाच्या डोळ्याच्या कडेला मांस वाढलं होतं. सकाळी गोठ्यात जाऊन आई त्याचाही डोळा त्याच पदरानं पुसायची. तो बैल मेला.

काही दिवसांनी संध्याकाळी दिवा लावला, तेव्हा माझ्या लहान बहिणीच्या एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकली, मांजरीच्या डोळ्यासारखी. वडील कौतुकानं म्हणाले, "मन्ही पोर वाघीन शे."

मग तो डोळा सुजला. धुळ्याच्या डॉक्टरांनी तो काढला आणि तपासायला मुंबईला पाठवला. रोग वाईट निघाला. उन्हाळ्याच्या आत बहीण गेली. तिला पुरून आलो, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पोर अर्धीच पुरी आपन. डोया मुंबईमाच ऱ्हायना."

काकू ओट्यावर बसली होती. ती चार बायांसमोर म्हणाली, "एकच पदर. बैलना डोया बी त्यानीच पुसस, पोरना बी. लागनं मंग."

त्या दिवसापासून आईनं कुणाचं तोंड पदरानं पुसलं नाही. मी रडत आलो तर दुरूनच म्हणायची, "जाय, तोंड धोई ये."

मी शिकलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच मी, आणि हे सांगायला मला लाज नाही. पुढे मुंबईत, बहिणीचा डोळा जिथे पाठवला होता त्याच डोळ्यांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागलो. तिथे इस्पितळांतून माणसांचे डोळे यायचे, ढोरांच्या दवाखान्यातून बैलांचे. त्यांचे पातळ काप करून, रंगवून काचेवर बसवायचे, हे माझं काम. जुन्या काचा लाकडी पेट्यांत जपलेल्या असत. मी प्रयोगशाळेच्या साहेबांना बहिणीची काच मागितली.

"पाहायचीच आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

बैलांचे तसले डोळे मी कितीतरी पाहिले होते. त्यांचा रोग बाहेरून, कडेच्या कातडीतून वाढतो. बहिणीचा आतल्या पडद्यातून उगवलेला होता. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. सूक्ष्मदर्शकाखालची ती काच मी पुन्हा पुन्हा पाहिली.

सुट्टीत घरी आलो. आई कापूस निवडत होती, काकूही होती. मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "माय, पदरनं काहीच नही. बैलनं दुखनं येगळं, तिन्हं येगळं. मी सोता देखं. तिन्हं लहानपनपासूनच डोयाना आत व्हतं."

काकू कापसात बघत राहिली. आईचे हात थांबले.

"मंग मन्हा पोटमाच लागनं का ते तिले?"

याचं उत्तर काचेवर नव्हतं. "ते कोनलेच माहीत नही, माय," मी म्हणालो, आणि मलाच रडू आलं. आईनं पदराचं टोक हातात घेतलं, क्षणभर तसंच धरलं, मग माझं तोंड पुसलं.

बहीण वाचली नाही. आईवरचा पदराचा आळ मात्र मी उतरवला.