सतराव्या पायरीवरचा आवंढा

मोठ्या घरात बासष्ट किल्ल्या आहेत. त्यांचा जुडगा ज्यांच्या कमरेला लटकतो त्या माणसाला सगळे कुलूपकाका म्हणतात. नाव पडलं किल्ल्यांवरून आणि टिकलं ते त्यांच्या तोंडामुळे. काका मुके नाहीत, तुसडे नाहीत, गर्विष्ठ तर नाहीतच. पण पोटातलं ओठावर यायला त्यांना इतका वेळ लागतो, की तोवर समोरचा माणूस कंटाळून आपल्या वाटेनं निघून गेलेला असतो. बायको म्हणते, "यांनी मला मागणी घातली तेव्हा निम्मं वाक्य मीच पूर्ण केलं. नाहीतर अजून तिथेच उभे असते."

मोठं घर म्हणजे गावाबाहेर, शेतांच्या मधोमध, टेकाडावर दोनशे वर्षं उभी असलेली दुमजली दगडी इमारत. बांधणाऱ्यांचा वंश केव्हाच संपला. आता एक संस्था ती सांभाळते. सोमवार ते बुधवार शाळेच्या सहली, गुरुवारी बंद ठेवून साफसफाई, शुक्रवारी तिकीट काढून येणारे पाहुणे, आणि शनिवार-रविवार लग्नं. एका दिवसापुरते लोक या घराचे मालक होतात आणि भिंतीवरच्या परक्या पूर्वजांखाली छाती फुगवून फोटो काढून घेतात. काकांचं लक्ष मात्र जमिनीवर. जुन्या लाकडाला ओरखडे पडू नयेत म्हणून उंच टाचांना लावायच्या रबरी टोप्या आणि शूटिंगवाल्यांच्या स्टँडच्या पायांना घालायचे जुने मोजे, अशी पिशवी घेऊन ते दारातच बसत. "आधी मोजे," एवढंच बोलत. चौतीस वर्षांत त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेले शब्द बहुधा हेच.

घराच्या मध्यभागी सव्वीस पायऱ्यांचा लाकडी जिना आहे. वरून मोजत आलं की सतरावी पायरी कुरकुरते. लेक लहान होती तेव्हा बायको शिवणाच्या कारखान्यात कामाला होती, म्हणून शाळा सुटली की पोर थेट मोठ्या घरात यायची. काका दारांच्या पितळी कड्या घासत आणि ती जिन्यावर वर-खाली करत अखंड बडबडे. सतराव्या पायरीवर मात्र दर वेळी थबके आणि बापाचं बोट घट्ट पकडे. "घाबरू नकोस," काका म्हणत, "लाकूड म्हातारं झालं की बोलायला लागतं." मोठेपणी ती सगळ्यांना सांगायची, की बाबा उभ्या आयुष्यात माझ्याशी बोलले त्यातलं सगळ्यात लांब वाक्य हे.

याच लेकीनं चोविसाव्या वर्षी लग्न ठरवलं, आपलं आपण. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, कष्टाळू, सरळ. नाव ठेवायला जागा नव्हती आणि काकांना ठेवायचंही नव्हतं. त्यांना लागलं ते एवढंच, की आपल्याला ठरल्यावर सांगितलं, ठरवताना विचारलं नाही. निदान हे तरी बोलून दाखवावं! तेही नाही. शनिवारी सकाळी नोंदणी कचेरीत लग्न होतं. "शनिवारी मोठ्या घरात कार्यक्रम आहे, मला सुट्टी नाही," म्हणाले. शुद्ध थाप. व्यवस्थापक बाईंनी एक सोडून दहा सुट्ट्या दिल्या असत्या. आदल्या संध्याकाळी लेक मोठ्या घराच्या फाटकाशी आली.

"बाबा, नाही आलात तरी चालेल. पण काहीतरी बोला ना."

काकांच्या घशाशी खूप काही आलं. त्यातून बाहेर पडलं ते असं: "जाताना फाटक लावून घे."

ती फाटक लावून गेली. दुसऱ्या दिवशी काकांनी एका परक्या नवरीसाठी सगळी दारं उघडली, मोजे वाटले आणि दिवसभर कुणाशी अवाक्षर काढलं नाही. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर चार वर्षं बाप-लेकीत बोलणं नाही. ती आईला फोन करी, आई स्वयंपाकघरात फोनचा आवाज मुद्दाम मोठा ठेवी, आणि काका दाराआड उभे राहून ऐकत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळही केव्हाच जळून गेला होता, उरली होती ती नुसती लाज. लेकीची अट साधी होती. बाबांनी आपण होऊन फोन करावा आणि त्या दिवशी बोलायचं राहिलं ते बोलावं. काका तयारी करत होते. खरंच करत होते. दर गुरुवारी जिन्याच्या पायऱ्यांना आणि कठड्याला मेण लावताना ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत, एखादा शब्द बदलत, पुन्हा पहिल्यापासून म्हणत. चार वर्षांत ते बोलणं त्या कठड्याइतकंच गुळगुळीत झालं. फक्त फोन लावायचा राहिला होता.

आणि मग तो शूटिंगवाला आला. तिशीतला, टोपी उलटी घातलेला, तोंडात सतत "एकच मिनिट". नवरीच्या वडिलांचा फरशांचा मोठा धंदा होता आणि फिल्ममध्ये घर भाड्याचं दिसायला नको, अशी त्यांची सक्त ताकीद होती. "पिढीजात वाटलं पाहिजे," ते म्हणाले. आता पिढीजात घर म्हटलं की पिढीजात नोकर आलाच. शूटिंगवाल्याची नजर काकांवर गेली: पांढरे केस, कमरेला किल्ल्या, हातात मोजे.

"काका, नवरी जिना उतरेल तेव्हा तुम्ही मधे उभे राहा. दोन शब्द बोला. हिला लहानपणापासून पाहिलंय, असं काहीतरी."

"मी तिला आज सकाळी पाहिलं," काका म्हणाले.

"अहो, फिल्म आहे ही, कोर्ट नाही!"

व्यवस्थापक बाईंनीही गळ घातली. "नुसते उभे राहा, काका. नका बोलू हवं तर. तुम्हाला सवयच आहे." शूटिंगवाल्यानं त्यांच्या कॉलरला करंगळीच्या पेराएवढा माइक अडकवला, आणि काका सतराव्या पायरीशी कठड्याला टेकून उभे राहिले. जागा त्यांनीच निवडली. नवरी तिथे दचकून पडू नये म्हणून. दुसरं काही त्यांच्या मनात नव्हतं.

नवरी उतरत आली. पायरी कुरकुरली, ती दचकली आणि हाताशी आलं ते बोट तिनं पकडलं. ते काकांचं होतं.

"घाबरू नकोस," काका म्हणाले. "लाकूड म्हातारं झालं की बोलायला लागतं." आणि मग कुलूप निघालं. "तू एवढीशी होतीस तेव्हा याच पायरीवर माझं बोट धरायचीस. मला वाटायचं, ही पायरी कधी दुरुस्तच करू नये. मोठी झालीस, बोट सुटलं, आणि मी..." इथे त्यांनी आवंढा गिळला. "मी दाराआड उभा राहिलो. लाकूडसुद्धा म्हातारपणी बोलतं, बाळा. माणसाला नाही जमलं. सुखी राहा. फाटक उघडंच आहे, कधीही ये."

नवरी रडली. ज्यांनी हे घर गेल्या महिन्यात पहिल्यांदा पाहिलं होतं ते तिचे वडीलही रडले. शूटिंगवाला बाहीनं डोळे पुसत म्हणाला, "काका, इतके दिवस होतात कुठे तुम्ही?"

चार वर्षं लेकीसाठी जपून ठेवलेलं या माणसानं एका मिनिटात फरशीवाल्याच्या मुलीच्या ओटीत टाकलं. त्या वेळी त्यांना तसं वाटलंही नाही. उलट छाती हलकी झाली होती. आलं की बोलता, त्यांना वाटलं. आता घरी गेलो की फोन लावतो. घरी गेल्यावर म्हणाले, उद्या.

तो तुकडा चार दिवसांत या फोनवरून त्या फोनवर असा सगळीकडे गेला. खाली अक्षरं होती: "मालकांच्या लेकीला निरोप देताना जुना सेवक गहिवरला." बायकोला शेजारणीनं दाखवला. तिनं दोनदा पाहिला आणि काका जेवायला बसल्यावर म्हणाली, "पोरीनंही पाहिलंय."

"काय म्हणाली?"

"विचारत होती, ही मुलगी कोण." बायकोनं ताट जरा आपटूनच ठेवलं. "आयजीच्या जिवावर बायजी उदार! पोरीची पायरी, पोरीचं बोट, आणि वाटून आलात कुणाला? तिच्यासाठी एक शब्द तरी शिल्लक ठेवलात का?"

"मी तिच्याशीच बोलत होतो."

"मग तिला फोन लावायचा होता. त्याला माइक लागत नाही."

हे ऐकून तरी फोन करावा की नाही? पण आता लाज दुप्पट झाली होती. आणि पुढच्याच शनिवारी नवरीकडच्यांनी जिन्यावर तेच हवं म्हणून हट्ट धरला. त्याच्या पुढच्यांनीही धरला. व्यवस्थापक बाईंनी माहितीपत्रकात नवी ओळ छापून घेतली: "जिन्यावर ज्येष्ठ सेवकाचे आशीर्वाद, मागणीनुसार." शूटिंगवाला तर जवळजवळ घरचाच झाला. काका नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत, आणि त्याचं खापर त्यांच्या अबोलपणावर फोडण्यात अर्थ नाही. खोटं कशाला बोला, त्यांना आवडलं. चौतीस वर्षं लोक त्यांच्या हातून मोजे घेत आणि त्यांच्याकडे न बघता पुढे जात. आता लोक थांबत, खेटून उभं राहून फोटो काढत, "काका, ते लाकडाचं म्हणा ना" असा लकडा लावत. काका दर पंधरवड्याला केस कापून घेऊ लागले. कुठे दचकायचं ते नवरीला आधीच समजावून ठेवू लागले. पायरी चांगली कुरकुरावी म्हणून त्यांनी तिला गुरुवारचं मेण लावायचं सोडून दिलं. "तो आवंढा मात्र हवाच," शूटिंगवाला बजावी, "सगळा जीव त्यात आहे." आणि आवंढा येई, वेळेवर, न चुकता.

हंगाम संपत आला तेव्हा बायकोनं बातमी सांगितली. जावयाला समुद्रापलीकडे नोकरी लागली होती. रविवारी सकाळचं विमान. "ती म्हणतेय, जाण्याआधी एकदा तुम्ही फोन करा. ती उचलेल." या खेपेला बायको चिडली नाही, तिनं हात जोडले. काकांना तेच जास्त लागलं.

गुरुवारी घर बंद होतं. काका सतराव्या पायरीवर बसले आणि त्यांनी नंबर लावला. पलीकडे खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा चर्र आवाज येत होता, तो थांबला.

"बाबा?"

"हं."

"जेवलात?"

"हो. तू?"

"हो. बाबा, मला आता भांडायचं नाहीये. त्या मुलीशी जे बोललात ना, ते मी शंभरदा पाहिलं असेल. ते कुणाचं होतं ते मला माहितीये. फक्त एकदा मला म्हणा. माझं म्हणून."

काकांचं काळीज भरून आलं. हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणालाही वाटेल की या माणसाला काळीजच नाही. होतं, आणि ते गच्च भरलं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"घाबरू नकोस. लाकूड म्हातारं झालं की बोलायला लागतं. तू एवढीशी होतीस तेव्हा याच पायरीवर माझं बोट धरायचीस..."

शब्द सरसर आले. एकही अडखळला नाही. काकांना स्वतःलाच ते ऐकू येत होतं: आवाज शनिवारी जिथे चढतो तिथेच चढला आणि जिथे उतरतो तिथेच उतरला. त्यांना थांबायचं होतं. दुसरं काहीतरी, वेडंवाकडं, तुटकं, काहीही बोलायचं होतं. त्यांनी आत चाचपून पाहिलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? "मोठी झालीस, बोट सुटलं, आणि मी..." असं म्हणून ते थांबले, आणि आवंढा आला.

"इथे तुम्ही थांबता," लेक हळूच म्हणाली.

काकांनी कठडा धरला.

"मी बाकीच्या लग्नांचे व्हिडिओही पाहिले, बाबा. नऊ-दहा तरी. सगळीकडे इथेच थांबता." तिचा आवाज रडका नव्हता, थकलेला होता. "त्या दिवशी म्हणाला होतात ना, जाताना फाटक लावून घे? ते बरं होतं. ते निदान फक्त मला म्हणाला होतात."

चिकटपट्टीचा आवाज पुन्हा एकदा आला आणि फोन बंद झाला.

शनिवारी हंगामातलं शेवटचं लग्न होतं. नवरी सांगितल्या जागी दचकली, तिनं बोट धरलं. काकांनी सगळं म्हटलं. "आणि मी..." आलं, काका थांबले. घसा कोरडा ठणठणीत. खालची माणसं रुमाल हातात धरून वाट बघत राहिली. शेवटी शूटिंगवाल्यानं कॅमेऱ्यामागून हात हलवला, चालू द्या, आणि काकांनी उरलेलं म्हणून टाकलं.

पंगती उठल्यावर काका त्याच्याकडे गेले.

"आज आलं नाही," ते म्हणाले.

"काय आलं नाही?"

काकांनी घशाला बोट लावलं.

"अहो, त्याचं काय एवढं घेऊन बसलात!" शूटिंगवाला स्टँडच्या पायांचे मोजे काढून त्यांच्या हातात देत म्हणाला. "पहिल्या फिल्ममधला आहे की माझ्याकडे. तो जोडून टाकतो. कुणाला कळणारे?"

एकीला कळलं असतं. तिचं विमान सकाळी होतं.