गळ्यात पडून रडणं

आमच्याकडे कुणी गेलं की बायका गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढून रडत येतात. येऊन घरातल्या बाईच्या गळ्यात पडतात, आणि तिनेही तसंच मोठ्याने रडायचं असतं. गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याला जाब विचारत. वडील गेले तेव्हा मी सांगलीला कॉलेजात होते आणि मला हे येत नव्हतं.

वडील पलटणीत सुभेदार. साहेबांच्या मुली शिकतात तिथे आपलीही शिकावी, म्हणून लहानपणीच त्यांनी मला पाचगणीच्या बोर्डिंगात ठेवलं. तिथे जी मुलगी रडेल तिला मेट्रन न्हाणीघरात पाठवायची. आवाज पूर्ण थांबला की मगच बाहेर यायचं. मी नळ सोडायची, स्वेटरची बाही दातांत धरायची आणि नाकाने हळूहळू श्वास घ्यायची. पुढे नळाची गरज उरली नाही. वडील रजेवर भेटायला आले तेव्हा मेट्रनने या गोष्टीचं कौतुक केलं. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शिपायाची लेक हाय," एवढंच म्हणाले. ती थाप मी फार दिवस जपली.

लढाई संपल्यावर ते घरी आले ते खोकतच. मिरजेच्या इस्पितळातच वारले, आणि मी सांगलीहून घरी आले.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याकडून आत्या आली. "माझ्या दादा रं, आता ओवाळू कुणाला रं!" आईला सोडून तिने मला कवटाळलं. तिचा ओला गाल माझ्या मानेला लागला. मग ती थांबली. माझ्या आवाजाची वाट पाहत होती.

"आत्या, पाणी आणू?" मी म्हणाले.

तिचे हात सैल पडले.

"येवढी वर्सं शिकली, पर रडाया न्हाई शिकिवलं कुणी," शेजारची म्हातारी म्हणाली.

"आवं, सायबाची साळा ती. तितं रडायचं बी इंग्रजीत आसंल," दुसरी म्हणाली.

पदराआड कुणीतरी हसलं. आई एकदम म्हणाली, "आतल्या आत रडती ती. गप बसा समद्या."

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुपारी आई जोंधळे निवडत होती. सूप बाजूला सारून म्हणाली, "आता कोण न्हाई बग. ये."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिला माझं रडणं हवं होतं, मलाही. पण दात आपोआप आवळले गेले आणि श्वास नाकाने, हळूहळू येऊ लागला. तिने पाठीवरून हात फिरवला, वाट पाहिली. मग सूप पुन्हा ओढून घेतलं.

आता मी मुलींच्या शाळेत शिकवते. कुणाच्या घरून वाईट निरोप आला की तो सांगायला मलाच पाठवतात. "बाई, तुम्ही धीराच्या." मुलगी माझ्या अंगावर कोसळते आणि मी तिच्या डोक्यावरून भिंतीकडे पाहत उभी राहते. फक्त "गप हो" असं कुणाला म्हणत नाही.

एकदा न कळवता गावी गेले. परड्यातून आईचा आवाज येत होता. वडिलांना हाका मारत ती मोठमोठ्याने रडत होती. मी दाराची कडी वाजवली. आवाज तुटला. रांजणात तांब्या बुडाला. तोंड धुऊन, पदराने पुसत ती बाहेर आली.

"आलीस व्हय?" म्हणाली. "जेवलीस का?"