‘घ’च्या घरावरचा पक्षी

१९ मे १९४७. वऱ्हाडातल्या मालेगावच्या आमच्या मुलींच्या शाळेच्या छपराचे कवेलू फेरायचे होते. करीममिस्त्री छपरावर होते आणि मी खाली फुटके कवेलू वेगळे काढत होते. तेवढ्यात वाशीमच्या डॉक्टरीणबाईंचा गडी निरोप घेऊन आला. हानाबाई गेल्या, टायफॉइडने. मी हातातला कवेलू फुटक्यांत ठेवला. तो धड होता, हे नंतर दिसलं...

हाना पोलंडची. तिकडे ती लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, आणि लोक तिला नावाने ओळखायचे. लढाईत छापखाना जळला, नवरा बेपत्ता झाला, आणि निर्वासितांच्या छावणीत काम करणाऱ्या डॉक्टरीणबाईंबरोबर ती इकडे आली. सामान म्हणजे चित्रं काढायच्या टाकांची एक पत्र्याची डबी. आमच्या शाळेला अंकलिपी करायची होती, तिची चित्रं मी हानाकडे सोपवली. मराठी ती माझ्याकडे राहताना माझ्या मोलकरणीकडून शिकली, त्यामुळे माझ्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी बोलायची.

छापायला जाण्याआधी चित्रं वर्गात लावली. ‘घ’ घराचा. कवेलूंचं घर, आणि छपरावर लांब पायांचा मोठा पक्षी. दुसऱ्याच दिवशी एका मुलीचा बाप दारात आला.

“बाई, घरावर गिधाड बसवलं तुमच्या गोऱ्या बाईनं. असलं पुस्तक आमी घरात नाई ठेवत. पोरगी उद्यापासून येनार नाई.”

त्याच्या मागे आणखी दोघे उभे होते. मी हानाला पक्षी काढून टाकायला सांगितलं.

“गिधाड नाई होय थो,” ती म्हणाली. “आमच्या गावात लोक त्याच्या घरट्यासाठी छपरावर गाडीचं जुनं चाक ठेवते. थंडीत जाते, मंग त्याच घरी वापस येते. त्याच्याबिगर मी घर कसं ओयखू?”

“पोरी जातील, हाना.”

“मंग काढते.”

तिने पात्याने पक्षी खरवडला. कागद तिथे पातळ झाला. त्यानंतर प्रत्येक चित्र घेऊन ती माझ्यापुढे उभी राहायची... “हे चालते काय, बाई?” आधी तिने कधीच विचारलं नव्हतं.

पोरी टिकल्या. तीच वेळ पुन्हा आली तर मी तेच सांगेन. पण अंकलिपी शिकवताना ‘घ’वर मला थांबवत नाही, मी पान उलटते.

निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घरामागे पडलेलं छकड्याचं चाक मी करीममिस्त्रींकडून वर चढवून घेतलं.

“कायले, बाई?”

“पक्षी बसायला.”

“लोक बोलतीन.”

“बोलू देत.”

चाक शाळेवर नाही ठेवलं. माझ्या स्वयंपाकघरावर ठेवलं.