पुरवणीचा दोरा

वर्गात तिला सगळे पुरवणीताई म्हणत. दिवसा कॉलेज, रात्री हॉस्पिटलात नर्सची ड्युटी, आणि परीक्षेत इतरांची उत्तरपत्रिका निम्मी व्हायच्या आत हात वर करून जादा कागद मागणार. एवढं लिहूनही एकाच विषयात ती दोनदा आपटली होती. यंदा शेवटची संधी. पदवी हातात पडली तर नर्सिंगच्या शाळेत शिकवायला जायचं, रात्रपाळी सुटायची. नाही तर आहेच जन्मभराचं जागरण.

त्यात विद्यापीठाला शोध लावायचा होता, की मुलं कुठं बरं लिहितात, कागदावर की कॉम्प्युटरवर. अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे, आणि त्याच विषयाच्या दुसऱ्या पेपरला अदलाबदल. पहिल्या पेपरला हिच्या वाट्याला कॉम्प्युटर आला. वर्गात तिची पुतणीही होती, तिला कागद मिळाला. पुतणी म्हणाली, "काकू, दुसरा पेपर कागदावर आहे ना? तिथं भरून काढ." तेवढ्याच वाक्याच्या आधारावर पुरवणीताईनं धीर धरला.

टाइप करायची तिला भीती नव्हती. वॉर्डातले रिपोर्ट तीच टाइप करायची. पण पहिल्याच उत्तरात ओळी स्क्रीनच्या तळाला टेकल्या आणि सवयीनं हात वर गेला.

पर्यवेक्षक वाकून म्हणाले, "काय हवंय?"

"पुरवणी."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. पर्यवेक्षक हसले नाहीत. "ताई, इथं कागद संपत नाही. लिहीत राहा."

हेच तर दुखणं. पुरवणी म्हणजे तिचं घड्याळ होतं. ती हातात आली की समजायचं, आता पुढच्या प्रश्नाकडे वळा. इथं उत्तर मारुतीच्या शेपटासारखं वाढतच गेलं. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या वेळेच्या आकड्यांकडे उशिरानं लक्ष गेलं. वेळ सरत आलेली, आणि शेवटच्या प्रश्नाला हातही लागलेला नाही. घाबरलेल्या रुग्णाशी कसं वागाल? रात्रपाळीत ती दुसरं करत काय होती? बोटं धावायला लागली. कागदावर असती तर अजून थोडी सवलत होती. घंटा झाल्यावर पुरवण्यांना दोरा बांधायचा असतो. दोरा एका हातात, पेन दुसऱ्या हातात, असं शेवटचं वाक्य ती दर वेळी चोरून पुरं करायची. इथं दोराच नव्हता. 'घाबरलेल्या रुग्णाचा आधी' एवढं उमटलं आणि स्क्रीन मिटली.

बाहेर पुतणी बोटांची शाई पुसत उभी. किती पुरवण्या घेतल्या, तिनं विचारलं. काकू तशीच ड्युटीवर निघाली.

नंतरचे दिवस ते अर्धं वाक्य मनात पुरं करण्यात गेले. मग बाईंनी, म्हणजे हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापिकांनी, खोलीत बोलावलं. पुरवणीताई दारातूनच सांगायला लागली, की शेवटचं राहिलं, ठाऊक आहे.

"राहू दे. चांगल्या मार्कांनी पास आहात या पेपरात." बाईंनी चष्मा काढला. "खरं सांगू? तुमचं उत्तर मी पहिल्यांदाच वाचलं."

"पहिल्यांदाच म्हणजे?"

"अहो, तुमचं ते अक्षर. मुंगळा शाईत बुडवून कागदावर सोडावा तसं. शब्दच लागायचे नाहीत. वर पुरवण्यांवर पुरवण्या."

बाई हसल्या म्हणून तीही हसली. जिन्यापर्यंत तरंगतच गेली. मग मधल्याच पायरीवर कठडा धरून उभी राहिली.

दुसरा पेपर परवावर आला होता. कागदावर.